तक्रारदार आणि जागल्या: एक नव्हेत

कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाविरुद्ध अर्ज देणारी व्यक्ती आणि संस्थेतला गैरप्रकार उजेडात आणणारा जागल्या, या दोघांनाही सरसकट ‘आवाज उठवणारे’ म्हटले जाते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

तक्रारदार व्यक्ती स्वतःवर गुदरलेले सांगते. तिच्या अर्जात तारीख असते, सगळे घरी गेल्यावर केबिनमध्ये बोलावून घेतल्याचा प्रसंग असतो, रात्री साडेअकराला आलेला मेसेज असतो; आणि हे थांबावे, चौकशी व्हावी, तोवर त्याच माणसाच्या हाताखाली काम करावे लागू नये, एवढीच तिची मागणी असते. जागल्याचे तसे नसते. समजा, जुन्या फायली चाळताना एखाद्या कर्मचाऱ्याला आढळले, की एकाच अधिकाऱ्याविरुद्धच्या तीन अर्जांवर ‘निकाली’ असा शेरा आहे, पण एकाही फायलीत जबाबाचा कागद नाही. तो हे वरिष्ठांकडे किंवा बाहेरच्या यंत्रणेकडे नेतो, तेव्हा त्याचा विषय छळावर घातलेले पांघरूण हा असतो.

फायली निनावी पत्रावरूनही तपासता येतात. छळाच्या चौकशीत मात्र आरोप असलेल्याला आपली बाजू मांडू द्यावीच लागते, त्यामुळे तक्रारदाराचे नाव त्याच्यापासून लपवणे सहसा शक्य नसते. गोपनीयता म्हणजे ते नाव चौकशीबाहेर जाऊ न देणे. म्हणूनच जागल्याने पीडित व्यक्तीच्या संमतीशिवाय तिचे नाव फोडले, तर त्याचा हेतू कितीही चांगला असो, मला तो तिच्यावर झालेला दुसरा अन्याय वाटतो.

सूडाची भीती दोघांनाही असते. कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविषयीचा, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार २५ जून २०२१ रोजी अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात सूडापासून संरक्षणासाठी तक्रारदार, पीडित, साक्षीदार आणि जागल्या अशा चौघांचा वेगवेगळा उल्लेख आहे.

कधी या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे येतात, कारण त्या तीन अर्जांपैकी एक तिचाच असतो. अशा वेळी दोन स्वतंत्र पत्रे द्यावीत: एकात फक्त आपल्यावर गुदरलेले, आणि दुसऱ्यात दडपलेल्या अर्जांची हकिकत, इतर दोघांची नावे न लिहिता.