भांड्याच्या बुडाची तापचाचणी

शेगडीवरचे भांडे बुडाशी सगळीकडे सारखे तापते की ठिकठिकाणी कमीजास्त, हे तपासण्याची पद्धत. मध्ये करपते आणि कडेला कच्चे राहते, असे वारंवार होत असेल तर कारण बहुधा इथे सापडते.

सर्वांत सोपी चाचणी पिठाची. कोरड्या भांड्यात चाळणीने पिठाचा पातळ थर भुरभुरवायचा, भांडे बर्नरच्या बरोबर मध्यावर ठेवायचे आणि मध्यम आचेवर न ढवळता पाहत राहायचे. पीठ जिथे आधी तांबूस होते, तिथे बूड जास्त तापलेले. गॅसवर बहुधा ज्वालांच्या मापाचे कडे उमटते, इंडक्शनवर कॉइलच्या मापाचे. रंग धरताच आच बंद करावी. उशीर झाला की सगळेच काळे होते आणि फरक पुसला जातो. नॉनस्टिक भांडे रिकामे फार तापवू नये, त्याचा थर 260° से.च्या पुढे बिघडू लागतो. पाण्याचे बुडबुडे पाहून अंदाज बांधणारेही आहेत, पण पाणी फिरत राहते आणि उघड्या भांड्यात 100° से.च्या फारसे वर जात नाही. बुडातला फरक त्यात बराचसा झाकला जातो.

डाग दिसला म्हणजे दोष भांड्याचाच, असे नाही. चाचणी खरे तर भांडे आणि शेगडी या जोडीची होते. म्हणून भांडे थंड करून, पुसून, पाव फेरा फिरवावे आणि नव्या पिठाने पुन्हा पाहावे. डाग भांड्याबरोबर फिरला तर बूड वाकलेले असू शकते. उपड्या बुडावर पट्टी आडवी धरली की फट दिसते. डाग जागीच राहिला तर बर्नरची छिद्रे तुंबली आहेत का ते पाहावे. पूर्ण गोल कडे मात्र फिरवून उलगडत नाही, त्यासाठी वेगळ्या मापाचा बर्नर लागतो.

इन्फ्रारेड तापमापक आकडा देतो, पण चकचकीत धातूवर तो फसतो आणि खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. काळ्या, मुरलेल्या बिडावर तो अधिक भरवशाचा.

उष्णतावाहकता तांब्याची सुमारे 400 वॅट प्रति मीटर-केल्विन, अॅल्युमिनियमची 235च्या आसपास, बिडाची साधारण 50, स्टेनलेस स्टीलची जेमतेम 15. म्हणूनच स्टीलच्या बुडात अॅल्युमिनियमचा थर घालतात. बीड सारखे तापते हा समज मात्र चुकीचा: ते उष्णता धरून ठेवते, पसरवते सावकाश. मंद आचेवर दहा मिनिटे ठेवल्यावर केलेली चाचणी आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटांत केलेली चाचणी एकाच बिडाच्या तव्याबद्दल वेगवेगळे सांगतात.