कुंडीतला वाफसा

माझा मोगरा मेला तेव्हा त्याच्या कुंडीतली माती चिंब ओली होती.

चार-पाच दिवस पानं मलूल दिसत होती. एप्रिल महिना, पुण्यातलं ऊन, त्यात गॅलरी पश्चिमेची. तहान लागली असणार म्हणून मी सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या पाणी घालत होते. पानं आणखी माना टाकायला लागली तसा दुपारचाही एक सुरू केला. शेवटी कुंडी पिशवीत घातली, स्कूटरवर पायाशी ठेवली आणि जिथून घेतली होती त्या नर्सरीत नेली. रोप मुळातच खराब दिलं होतं, अशी तक्रार करायचा बेत होता.

नर्सरीवाल्या मामांनी पानांकडे बघितलंसुद्धा नाही. कुंडी आडवी केली, कडेवर दोन थापा मारल्या, मातीचा गड्डा तळहातावर घेतला आणि नाकाशी नेला. मग माझ्या नाकाशी. गटार तुंबल्यावर येतो तसला वास. त्यांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची तपकिरी साल पायमोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता पांढुरका दोरा उरला.

“ताई, हे तहानेनं नाही गेलं. गुदमरून गेलंय.”

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण घरी येऊन वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की मामांचं वाक्य शब्दशः खरं होतं.

झाड दिवसा ऑक्सिजन सोडतं हे शाळेपासून आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की झाडालाही ऑक्सिजन लागतो हे विसरायला होतं. मुळं अंधारात असतात, त्यांना स्वतःचं अन्न करता येत नाही. पानांकडून साखर येते आणि ती वापरून मुळं वाढतात, क्षार आत ओढतात. ती साखर ‘जाळायला’ ऑक्सिजन हवा आणि तो येतो मातीच्या कणांमधल्या फटींतून. या फटी पाण्यानं भरल्या की पंचाईत होते, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. पाण्यात विरघळलेला थोडाफार असतो तो मुळं आणि मातीतले जिवाणू संपवून टाकतात. त्यानंतर ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. तो गटाराचा वास त्यांचा.

पण मग पानं का सुकतात? मुळं तर पाण्यात बुडालेली असतात. या कोड्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास बोळ असतात, ‘अ‍ॅक्वापोरिन’ नावाच्या प्रथिनांचे. पीटर अ‍ॅग्री यांना ते तांबड्या रक्तपेशींमध्ये सापडले आणि त्याबद्दल त्यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं. मुळांच्या पेशींतही असे बोळ असतात. ऑक्सिजन संपला की पेशीच्या आत आम्लता वाढते, आणि आम्लता वाढली की हे बोळ बंद होतात. झाड पाण्यात उभं असतं आणि पानांपर्यंत पाणी पोचत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं काय, तर तहानलेल्या झाडाचं रूप. तो बघणारा दयाळू असला की आणखी एक तांब्या ओततो. पुढचं काम पिथियमसारखे बुरशीच्या जातकुळीतले जीव करतात. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून चक्क पोहत जाऊन कमजोर मुळांना गाठतात. मोज्यासारखी निघालेली साल त्यांची करामत असावी.

नवीन मोगरा देताना मामा म्हणाले, “रोज पाणी घालू नका. वाफसा बघा.”

वाफसा हा शब्द मी पूर्वी फक्त पावसाच्या बातम्यांत ऐकला होता. चांगला पाऊस झाला, आता वाफसा आला की पेरण्या सुरू होतील, वगैरे. शेतकरी पावसानंतर लगेच शेतात औत घालत नाहीत. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण अंगठ्यानं दाबताच तो फुटावा, इतकी ती उतरू देतात. मातीतल्या मोठ्या फटींतलं पाणी खाली निथळून तिथे हवा आलेली असते आणि बारीक फटींत पाणी धरून ठेवलेलं असतं. पाणी आणि हवा दोन्ही एकाच वेळी हजर, अशी ही अवस्था. जी गोष्ट समजायला मला चार दिवस वाचावं लागलं, तिला आपल्या भाषेत तीन अक्षरी शब्द तयार होता.

शेतात वाफसा आपोआप येतो, कुंडीत तो आणावा लागतो. फरक खोलीचा आहे, आणि तो समजून घ्यायला भांडी घासायचा नवा आयताकृती स्पंज पुरे. स्पंज पाण्यात बुडवून आडवा, सपाट धरा. पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, बदलली ती फक्त उंची. बारीक फटी पाणी धरून ठेवतात, गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. पाण्याचा स्तंभ जितका उंच तितकी ओढ जास्त. जमिनीत ही ओढ कित्येक फुटांची असते. कुंडीत ती आठ-दहा इंचांवर संपते, म्हणून तळाशी काही बोटं जाडीचा थर भोक असूनही गच्च ओला राहतो. वरची माती कोरडी दिसते, बोट घातलं तर पेरभर कोरडीच लागते, आणि खाली मात्र डबकं.

इथे मामांचं आणि माझं एकदा वाजलं. निचरा व्हावा म्हणून ते कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घालतात. खरं तर बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली पडतं. म्हणजे तो गच्च ओला थर खडीनं नाहीसा होत नाही, दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढी बास. मी त्यांना स्पंजचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी तो शांतपणे बघितला आणि म्हणाले, “आमचे वडील घालायचे.” त्यावर काय बोलणार?

निचरा सुधारायचा तर सगळी मातीच सुधारावी लागते. आपली काळी माती शेतात सोनं असेल, पण तिचे कण अतिशय बारीक. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंडीत ती एकटी घालू नये. मामा पोयटा म्हणजे गाळाची माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि भाताची तुसं मिसळतात. तुसं कशाला, विचारलं तर म्हणाले, “माती बसत नाही.” फटी मोठ्या राहतात, हे त्याचं भाषांतर.

विकत आणलेल्या रोपांची एक गंमत त्यांनीच दाखवली. आपल्याकडच्या नर्सरींत येणारी बरीच रोपं आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात. गोदावरीकाठची ती गाळाची माती चिकट असते, त्यामुळे मुळांभोवतीचा गोळा प्रवासात फुटत नाही. पण हाच गोळा तसाच्या तसा भुसभुशीत मिश्रणात ठेवला की दोन वेगळ्या माती शेजारी येतात. गोळा एकदा वाळून आकसला की वरून ओतलेलं पाणी बाजूच्या फटीतून थेट भोकात जातं. ताटलीत पाणी दिसतं, आपण खूश, आणि गोळा आत कोरडा ठणठणीत. मग रोपाला बादलीत बसवायचं. पाण्यातून बुडबुडे येत राहतात आणि ते थांबले की गोळा भिजला असं समजायचं. नंतर बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करायची. ते बुडबुडे म्हणजे फटींतून निघणारी हवा. जी घालवून मी पहिला मोगरा मारला तीच.

घाईत मोठी कुंडी घेऊ नका, हेही त्यांचंच. “पोराला बापाचा शर्ट कशाला?” आठ इंची कुंडीऐवजी दहा इंची घेतली तर आकार थोडाच वाढल्यासारखा वाटतो, पण सगळ्या बाजूंनी त्याच प्रमाणात वाढली तर माती जवळपास दुप्पट होते. एवढी ओल शोषायला लहान रोपाकडे मुळंच नसतात.

आता मुख्य प्रश्न. पाणी कधी घालायचं? मी वार मागत होते, सोमवार-गुरुवार असे काहीतरी. मामांनी वार दिला नाही. मला दोन सारख्या कुंड्या उचलायला लावल्या, एक सकाळी पाणी घातलेली आणि एक दोन दिवसांपूर्वीची. दुसरी इतकी हलकी की हात झटका बसल्यासारखा वर आला. “हाताला कळतंय ना? मग मला काय विचारता?”

ही रीत तीनशे वर्षं जुनी आहे आणि प्रयोगशाळेतली आहे, हे त्यांना माहीत नसावं. १७२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी एक सूर्यफूल कुंडीत लावलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्यानं बंद केलं म्हणजे मातीतून वाफ जायला नको, आणि सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तोलली. वजन घटलं ते पानांवाटे उडालेल्या पाण्याचं. साडेतीन फुटी सूर्यफूल दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाणी उडवत होतं. उष्ण, कोरड्या दिवशी आणखी जास्त, रात्री अगदी थोडं. वारावर पाणी का घालू नये याचं उत्तर इथेच आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारची कोरडी हवा आणि ऑगस्टची दमट हवा यांत त्याच झाडाची तहान कितीतरी पटींनी बदलते. मातीच्या कुंडीला तर माठासारखा पाझर असतो. तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. प्लास्टिकच्या कुंडीला ती सोय नाही. माझा पहिला मोगरा अर्थातच प्लास्टिकच्या कुंडीत होता.

खताबद्दल मामा फारसं बोलत नाहीत, विकतात मात्र भरपूर. याबाबतीतही एक जुनी कुंडी आठवते. ब्रसेल्सच्या यान व्हान हेल्मोंट यांनी २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट जेमतेम दोन औंसांची. त्यांचा हा प्रयोग मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. झाड निव्वळ पाण्याचं बनतं हा त्यांचा निष्कर्ष चुकला, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशेबात नव्हता. पण मातीतून झाड वजनानं फार थोडं घेतं, हे दिसलंच. ते थोडं लागतंच, पण चमचाभर सांगितलेलं रासायनिक खत प्रेमानं मूठभर घालणाऱ्यांनी कोशिंबीर आठवावी. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं. मातीत क्षार जास्त झाले की मुळांची तीच काकडी होते.

खडीसारखंच आणखी एका बाबतीत मामांचं ऐकू नका, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांच्या स्नेक प्लांटच्या रांगेवर पुठ्ठ्याचा बोर्ड आहे, ‘रात्री ऑक्सिजन देणारे झाड’. हे झाड पाणी वाचवण्यासाठी पानांवरची छिद्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं, इथपर्यंत खरं. पण ऑक्सिजन सुटतो पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि त्याला उजेड लागतो. खोलीतली हवा शुद्ध होते म्हणतात तेही तसंच. बंद पेटीत केलेल्या नासाच्या १९८९ च्या प्रयोगावर ती कीर्ती उभी आहे. घरात हवा खेळती असते. तिच्याशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला निदान दहा, आणि हजारापर्यंतही, झाडं लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन मांडला गेला. झोपायचं कुठे मग? बोर्ड अजून तिथेच आहे. झाड खपतं, ते म्हणतात.

नवा मोगरा आता दोन वर्षांचा आहे. डिसेंबरात मामांच्या सांगण्यावरून त्याचं पाणी तोडलं. बागायतदार बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात, तसला हा प्रकार. वाढ थांबली, पानं थोडी पिवळी पडून गळाली, जीव कासावीस झाला माझा. मग जानेवारीत छाटणी, खत आणि हळूहळू पाणी. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे जितके फुटवे जास्त तितक्या कळ्या जास्त. मार्चमध्ये पहिली ओंजळभर फुलं निघाली.

एप्रिलमध्ये आई राहायला आली. दुपारच्या उन्हात पानं जराशी मिटली की ती तांब्या घेऊन निघते. बिचारं सुकलंय म्हणते. संध्याकाळी ती पानं आपली आपण ताठ होतात हे तिला दाखवूनही उपयोग झाला नाही. शेवटी पुण्याच्या रीतीप्रमाणे कुंडीवर पाटी लावली : ‘कुंडी उचलून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये’. दुसऱ्या दिवशी बघते तर पाटीवरची शाई ओघळून मातीत उतरली होती, आणि ताटली काठोकाठ भरलेली.