जँगोमधील यूआरएल रिव्हर्सिंग

वेब ॲपमधल्या पानाचा पत्ता हाताने न लिहिता, त्या पानाला दिलेल्या नावावरून तो फ्रेमवर्ककडून (ॲप बांधण्याच्या तयार सांगाड्याकडून) तयार करून घेणे म्हणजे यूआरएल रिव्हर्सिंग. पायथॉनमधील जँगो या फ्रेमवर्कमध्ये हे काम ‘रिव्हर्स’ हे फंक्शन आणि टेम्प्लेटमधला (पानाच्या आराखड्यातला) ‘यूआरएल’ टॅग करतात. पायथॉनच्याच फ्लास्क या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ‘यूआरएल_फॉर’ आहे, तर रूबी भाषेतल्या रूबी ऑन रेल्समध्ये नावाला ‘_पाथ’ किंवा ‘_यूआरएल’ जोडलेल्या मदतनीस मेथड असतात.

आलेला पत्ता वाचून कोणता व्ह्यू (पान तयार करणारा कोड) चालवायचा हे ठरवणे म्हणजे राउटिंग. रिव्हर्सिंग ही त्याचीच उलटी वाट. जँगोत दोन्ही कामे एकाच यादीवरून होतात. तिला यूआरएलकॉन्फ म्हणतात. पत्ता फक्त तिथेच लिहायचा, बाकी सगळीकडे नाव वापरायचे, हा या पद्धतीचा गाभा आहे. जँगोची सुरुवात २००३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात झाली. बातमीचा दुवा वाचक जपून ठेवतात, इतर लेखांत देतात. त्यामुळे सुटसुटीत पत्त्यांबद्दलचा या फ्रेमवर्कचा आग्रह त्याच्या जन्मस्थानाला शोभणारा आहे.

समजा, यादीत ‘बातमी/वर्ष/स्लग/’ असा साचा, म्हणजे पत्त्याचा नमुना, आहे आणि त्याचे नाव ‘तपशील’ आहे. (स्लग म्हणजे शीर्षकावरून बनवलेला, पत्त्यात बसणारा छोटा मजकूर.) ‘तपशील’ हे नाव, वर्ष आणि स्लग दिले की जँगो त्या नावाचे साचे शोधते, दिलेल्या घटकांशी जुळणारा निवडते, रिकाम्या जागा भरते आणि तयार झालेला पत्ता मूळ साच्यात खरोखर बसतो का हे पुन्हा तपासते. नाव आणि घटक दोन्ही सारखे असलेले दोन साचे असतील, तर यादीत नंतर आलेला जिंकतो. तयार पॅकेजमधले ‘लॉगिन’ पान बदलून स्वतःचे बसवताना याचा उपयोग होतो.

काहीच जुळले नाही तर ‘नो-रिव्हर्स-मॅच’ ही त्रुटी येते. नवशिके तिला घाबरतात, पण तिचे उपकार मोठे आहेत. हाताने लिहिलेला चुकीचा दुवा गुपचूप पडून राहतो आणि वाचकाला ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे दाखवतो. ही त्रुटी मात्र पान तयार होतानाच चूक उघडी पाडते. अर्थात, टेम्प्लेट प्रत्यक्ष चालल्याशिवाय ती दिसत नाही. म्हणून प्रत्येक पान एकदा तरी उघडून पाहणारी चाचणी हवीच. बऱ्याचदा दोष यादीत नसतो. टेम्प्लेटला न पोचलेले चल (व्हेरिएबल) रिकामी अक्षरमाला (स्ट्रिंग) म्हणून टॅगकडे जाते आणि साचा ती नाकारतो.

मराठी मजकुराचे संकेतस्थळ बांधणाऱ्याला ही त्रुटी हमखास भेटते. जँगोचे ‘स्लगिफाय’ फंक्शन मूळ स्थितीत फक्त रोमन अक्षरे, अंक, ‘-’ आणि ‘_’ ठेवते, म्हणून ‘पुणे’ या शीर्षकाचा स्लग चक्क रिकामा निघतो आणि पत्ता बनतच नाही. १.९ या आवृत्तीत (२०१५) युनिकोडची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचीही, मुभा देणारा पर्याय आला, पण तो वापरला तर ‘पुणे’चे ‘पण’ होते! पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवण्याच्या नमुन्यांत) शब्दातल्या अक्षरांसाठी जे चिन्ह आहे, त्यात काना-मात्रा-वेलांटी धरलेली नाहीत. शिवाय ‘स्लग’ हा कन्व्हर्टर (साच्यातल्या रिकाम्या जागेत काय बसेल हे ठरवणारा नियम) देवनागरी स्वीकारतच नाही. ज्या लिपीत मात्रेशिवाय शब्दच उभा राहत नाही, तिच्यासाठी ही उणीव मोठी आहे. उपाय म्हणजे ‘स्ट्र’ कन्व्हर्टर वापरणे, मात्रा स्वीकारणारा स्वतःचा कन्व्हर्टर लिहिणे किंवा पत्त्यात नोंदीचा क्रमांक घेणे. देवनागरी पत्ता बनला, की रिव्हर्स त्याचे टक्केचिन्हांकित रूपांतर करते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट ‘%’ धरून ३ अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे ४ चिन्हांचे ‘पुणे’ ३६ अक्षरे व्यापते. मराठी विकिपीडियाचा दुवा कॉपी केल्यावर जी लांबलचक माळ दिसते, ती यामुळेच.

एकाच प्रकल्पातल्या दोन ॲपांत ‘तपशील’ हे नाव असेल तर गोंधळ टाळायला नेमस्पेस, म्हणजे ॲपनिहाय नावाचे उपसर्ग, असतात. तेव्हा नाव ‘बातम्या:तपशील’ असे विसर्गचिन्हासारखा अपूर्णविराम देऊन लिहितात. यूआरएलकॉन्फ लोड होण्याआधीच पत्ता लागत असेल, उदाहरणार्थ क्लासच्या गुणधर्मात, तर १.४ पासून (२०१२) उपलब्ध असलेले, गरज पडेल तेव्हाच पत्ता काढणारे ‘रिव्हर्स_लेझी’ वापरतात.

रिव्हर्स फक्त मार्ग देते, डोमेन देत नाही. ईमेलमध्ये पूर्ण पत्ता लागतो, आणि तो विनंतीतल्या ‘होस्ट’ हेडरवरून (ज्यात डोमेनचे नाव येते) बनवला तर धोका असतो: हल्लेखोर खोटे होस्ट पाठवून पासवर्ड बदलण्याचा दुवा आपल्या डोमेनकडे वळवू शकतो. म्हणून ‘अलाउड_होस्ट्स’ या सेटिंगमध्ये आपलीच डोमेन नेमकेपणाने नोंदवायची असतात.

साचा बदलला की संकेतस्थळावरचे सारे दुवे आपोआप बदलतात, पण बाहेर दिले गेलेले जुने दुवे मात्र तुटतात. त्यासाठी जुना साचा यादीत ठेवून ‘रिडायरेक्ट-व्ह्यू’ला नव्या पानाचे नाव द्यावे, नवा पत्ता तो रिव्हर्स करूनच काढतो. हे वळण १.९ पासून मूळ स्थितीत तात्पुरते, म्हणजे ३०२, असते. कायमचे ३०१ हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते.