ढेळज गेली, सोबतही गेली

लातूर-धाराशिवकडच्या जुन्या वाड्यात दारातून आत शिरलं की आधी ढेळज, म्हणजे दाराशीची बसायची जागा, लागायची. घरातला म्हातारा तिथंच घोंगडी टाकून बसे. येणारा-जाणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं सरकत नसे. म्हातारीची सोबत आडावर, जात्याशी. वेगळी मंडळं काढायची गरजच नव्हती, घराच्या बांधणीतच माणसं होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात दगडमातीच्या त्याच जाड भिंती आणि माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या मानानं 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. रस्ते रुंद, घरं सुटी. जीव वाचवायला हे हवंच होतं. पण ढेळज नकाशात आली नाही. शिवाय जमिनीवरून घर ठरल्यानं अनेक ठिकाणी जुना शेजार फुटला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लांबचा पार म्हणजे परगावच.

बीडकडं सोबत वेगळ्या वाटेनं तुटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्याकडं निघतो. पुढचे चार-सहा महिने वस्तीवर उरतात ती म्हातारी माणसं नि नातवंडं.

सोबतीचा आयुष्याशी संबंध मोजला गेला तो कॅलिफोर्नियात. तिथल्या सुमारे 7,000 प्रौढांचा नऊ वर्षं माग ठेवला. 1979 साली निष्कर्ष आला: नाती सर्वांत कमी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त, आणि मूळचं आजारपण हिशेबात धरूनही फरक उरला. 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र केले, तेव्हा घट्ट नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त दिसली.

आपल्याकडं सोबत टिकवायची सगळ्यात भक्कम रीत हरिनाम सप्ताहात आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात. पहाऱ्याचा माणूस आला नाही तर आधीचा अडकतो, म्हणून लगेच घरी निरोप जातो. नुसत्या बाकड्यावर कोण आलं नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्रातही प्रत्येकाकडं वार ठरवून काम द्यावं: चहा, पेपरवाचन, हरिपाठाची सुरुवात.

तरीही माणसं गळतात, आणि बऱ्याचदा कारण कान असतं. दहाजणांच्या गलक्यात ऐकू येत नाही, चुकीचं उत्तर जातं, लोक हसतात. दुसऱ्या दिवशी म्हातारा घरीच बसतो. तिघा-चौघांना समोरासमोर बसवावं, पत्र्याखाली नव्हे, झाडाखाली. पत्र्याखाली आवाज घुमतो.