ऑटोपायलट आणि एफएमएस: विमान खाली येताना कोण कोणाचं ऐकतं?

‘ऑटोपायलट लावला की विमान आपोआप ठरल्या वाटेनं जातं.’ हे वाक्य बातम्यांत येतं, नाशिकच्या ओझर विमानतळावर कुणाला सोडायला आलेली मंडळी बोलतात, आणि सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक पायलट परवान्याच्या, पेपरांसाठी माझ्याकडे शिकायला येणारी सिन्नर-निफाडकडची हुशार मुलंही सुरुवातीला हेच म्हणतात. यात दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत: ऑटोपायलट आणि एफएमएस, म्हणजे फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम.

ऑटोपायलट बहुतेकांना ठाऊक असतो. दिलेली दिशा धर, दिलेली उंची धर, दिलेल्या दरानं खाली ये, एवढंच त्याचं काम. १९१४ मध्ये लॉरेन्स स्पेरीनं पॅरिसजवळ दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं, तेव्हापासून ते मुळात बदललेलं नाही. वाट त्याला कळत नाही.

वाट कळते ती एफएमएसला. मार्गावरचे बिंदू, त्या प्रत्येकावरची उंचीची आणि वेगाची बंधनं, वारा, वजन हे सगळं धरून उतरण कुठून सुरू करायची याचा हिशेब तो मांडतो. दिल्लीहून ओझरला येणारं विमान ३५ हजार फुटांवर असेल तर ही जागा साधारण शिरपूरच्या आसपास येते. पण एफएमएस विमानाला स्वतः हातही लावत नाही; तो सांगतो, विमान वळवतो ऑटोपायलट. एअरबसमध्ये या व्यवस्थेला एक नाव, बोइंगमध्ये दुसरं. त्या नावांवरून मुलं तासन्‌तास वाद घालतात. तो वेळ वाया जातो.

खरी मेख पुढे आहे. ऑटोपायलट चालू आहे याचा अर्थ तो एफएमएसचंच ऐकतोय असा होत नाही. एअरबस ३२० मध्ये समोरच्या काचेखालच्या पॅनलवर दिशेचा आणि उंचीचा असे गोल नॉब असतात. नॉब आत दाबला की कारभार एफएमएसकडे जातो. बाहेर ओढला की पायलटनं तिथे लावलेला आकडा चालतो. दोन्ही वेळा ऑटोपायलट चालूच असतो आणि विमान तितकंच स्थिर उडत असतं. प्रवाशाला फरक कळत नाही, आणि थकलेल्या पायलटलाही तो अंगानं कळत नाही.

या दोन्ही बाजूंनी माणसं गेली आहेत. २० डिसेंबर १९९५, कोलंबियातलं काली. बोइंग ७५७ च्या पायलटांना रोझो या बीकनकडे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे, जायचं होतं. एफएमएसमध्ये त्यांनी नुसतं ‘आर’ टाकलं. यंत्राच्या यादीत त्या अक्षरावर बोगोटाजवळचा रोमिओ बीकन पहिला होता. ऑटोपायलटनं इमानेइतबारे विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेनं वळवलं. १५९ जण गेले. ऑटोपायलट बिघडला नव्हता. त्याला सांगणाऱ्याकडेच चुकीचं ठिकाण होतं.

दुसरी बाजू २० जानेवारी १९९२ ची, फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग. इथे एअरबस ३२० च्या पायलटांनी उतरणीचा आकडा हातानं लावला होता. चौकशीत जी शक्यता ठळकपणे पुढे आली ती अशी: त्यांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, पण मोड, म्हणजे ऑटोपायलटची काम करायची पद्धत, उतरणीच्या दराचा राहिला, म्हणून ३३ चा अर्थ मिनिटाला ३३०० फूट असा झाला. हवा होता साधारण ८०० चा दर. रात्र, ढग, खाली डोंगर. ८७ जण गेले. पुढे एअरबसनं तो आकडा पूर्ण चार अंकांत दिसेल अशी सोय केली.

आता रोजच्या उतरणीत फसवणारी जागा पाहा, कारण मुलाखतीत आणि सिम्युलेटरमध्ये मुलं इथेच अडकतात. विमान एफएमएसच्या मार्गानं खाली येतंय. कंट्रोलर सांगतो, डावीकडे वळा, अमुक दिशा धरा. पायलट दिशेचा नॉब फिरवून ओढतो. त्यानं बदलली फक्त दिशा. पण एअरबस ३२० मध्ये त्याच क्षणी उतरणीचा मोडही एफएमएसकडून सुटतो आणि त्या वेळचा दर धरून बसतो. मधल्या बिंदूंवरची उंचीची बंधनं आता कोणी पाळत नाही. विमान थेट पॅनलवर लावलेल्या उंचीपर्यंत जाईल. डोंगराळ भागात ही बंधनं बरेचदा डोंगरांसाठीच असतात. ओझर समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या आसपास आहे आणि त्याच्या उत्तरेला सातमाळ्यातला एकटा धोडपच ४८०० फुटांच्या वर जातो.

हा बदल पाहायचा तो पायलटसमोरच्या मुख्य पडद्याच्या माथ्यावरच्या पट्टीत, म्हणजे एफएमएवर (फ्लाइट मोड अनन्सिएटर). नवा मोड आला की त्याच्याभोवती १० सेकंद पांढरी चौकट राहते. चालू मोड हिरवा, वाट पाहणारा निळा. म्हणून नॉब ओढला म्हणजे काम झालं असं मी मुलांना मानू देत नाही. उडवणाऱ्यानं पट्टी वाचून मोड मोठ्यानं म्हणायचा, नजर ठेवणाऱ्यानं, म्हणजे पायलट मॉनिटरिंगनं, तो स्वतः पाहून दुजोरा द्यायचा. समोर न बघता नुसतं ‘चेक्ड’ म्हणण्याची सवय मला अजिबात खपत नाही.

आणि पट्टी बरोबर असली तरी डोक्यातला हिशेब चालूच ठेवायचा, कारण कालीसारखी चूक पट्टीवर दिसत नाही. ती नकाशावर आणि आकड्यांतच पकडावी लागते. दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, हे मोजमाप पुरतं. मालेगाव ते ओझर हवाई अंतर सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे ४३ नॉटिकल मैल. तीननं भागा: सुमारे १४ हजार फूट. त्यात ओझरची उंची मिळवा, म्हणजे मालेगाववर विमान १६ हजारांच्या आसपास हवं. सरळ ओझरकडे येताय, तिथे २२ हजार दिसतायत आणि पट्टीवर एफएमएसची उतरण हिरवी आहे, तर आधी मार्गात काय भरलंय ते तपासा, आणि तोवर स्पीडब्रेक, म्हणजे पंखांवरच्या हवा अडवणाऱ्या पट्ट्या, बाहेर काढा.