गडचिरोलीत कचऱ्याला जागा का मिळत नाही

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्ली, कोरची या भागातल्या कचरा प्रकल्पांची चर्चा निघाली की ती लगेच यंत्रांवर जाते. प्लास्टिकचे तुकडे करणारा श्रेडर कोणता घ्यायचा, गठ्ठे बांधणारे बेलिंग मशीन कुठे बसवायचे. अडचण त्याच्या खूप आधीची आहे, जागेची.

जुन्या काळाविषयी थोडक्यात सांगता येते. गावाला उकिरडा होता, शेणखत शेतात जायचे, पंगती पळसाच्या पत्रावळीवर उठायच्या. लोखंड, पत्रा, बाटली भंगारवाला न्यायचा, आजही नेतो. तो नेत नाही ते पाऊच आणि पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिक. कुठल्याही पानठेल्यासमोर पाहावे: खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घोटून ज्यात बांधून देतात त्या पातळ पन्नीचे तुकडे, शाम्पूचे पाऊच, खाऊची चंदेरी पाकिटे. गुटखाबंदी २०१२ ची, प्लास्टिकबंदी २०१८ ची, आणि पन्नी अजून तिथेच आहे.

या कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर कायद्याने आली ती २०१६ मध्ये, प्लास्टिक कचऱ्याचे नियम ग्रामीण भागाला लागू झाले तेव्हा. त्याआधी राज्याने आणखी एक निर्णय घेतला होता. २०१४ मध्ये तालुक्याच्या सर्व मुख्य गावांना नगरपंचायत करायचे ठरले आणि भामरागड, कोरची, मुलचेरा ही गावे कागदोपत्री शहरे झाली. लोकवस्ती गावाएवढी, पण नियम नागरी, आराखडा नागरी, निधीही नागरी. वेशीबाहेरचे पहिले गाव मात्र जिल्हा परिषदेकडे. एकाच रस्त्यावरचा कचरा दोन खात्यांत विभागला गेला. एकत्र येण्याची मुभा आहे, पण ती घ्यायची तर दोन्हीकडच्या ठरावांचा मेळ बसावा लागतो.

२०२० पासून स्वच्छ भारत अभियानाचा ग्रामीण दुसरा टप्पा सुरू झाला. पाच हजार लोकवस्तीपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, आणि तालुक्याला एका प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत, असा हिशोब ठरला. तीनशे वस्तीच्या गावाचे होतात अठरा हजार. फारच कमी होते म्हणून सांडपाणी आणि घनकचरा मिळून किमान एक लाखाची सोय ठेवली गेली, ती योग्यच. पण माणशी असो वा गावनिहाय, या हिशोबात किलोमीटर कुठेच नाहीत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५. दाट वस्तीत गाडी एका फेरीत भरते. इथे ती अर्धी रिकामी परत येते आणि डिझेल तेवढेच जाळते. त्यातून पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो.

हे प्रशासनाला कळत नाही असे मुळीच नाही. याच जिल्ह्यात दुर्गम गावांचे पावसाळ्यातले रेशन आधीच पोहोचवून ठेवायची पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे. धान्याचे नियोजन नदी, रपटे (ठेंगणे पूल) आणि महिने पाहून होते. धान्य उतरवून रिकामा परतणारा ट्रक गोण्यांत भरलेली कोरडी पन्नी तालुक्याला आणू शकतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट भट्ट्या असे प्लास्टिक इंधन म्हणून जाळण्यासाठी महाराष्ट्राच्या या टोकाला सर्वांत जवळच्या आहेत. पण पावसाळाभर त्या गोण्या कोरड्या ठेवायला गावात छप्पर हवे, आणि छपराला जमीन. सगळे घोडे तिथेच अडते.

जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वन आहे. उरलेल्यात शेती, गावठाण आणि ‘झुडपी जंगल’. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही नोंद मध्य प्रांताच्या काळापासून महसुली दप्तरात आहे. गुरचरण, खळे, स्मशान, रस्ता अशा निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या रोजच्या गरजेच्या, कामाला येणारी, खुरट्या झुडपांची पडीक जमीन असा तिचा व्यवहार होता. मालकी महसूल खात्याची, वापर गावाचा. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची मंजुरी मागणारा १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि प्रश्न उभा राहिला की हे वन की पडीक. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘वन’ या शब्दाची व्याप्ती सरकारी नोंदीत वन म्हणून असलेल्या प्रत्येक जमिनीपर्यंत नेली, तेव्हा नोंदीतले ‘जंगल’ निर्णायक ठरले. ग्रामसभा अर्ध्या एकराचा ठराव करते, तलाठी सातबारा काढतो, आणि त्यावरचे दोन शब्द वाचून फाईल केंद्राच्या मंजुरीच्या वाटेला लागते. जंगल राखलेच पाहिजे. पण गावाच्या पन्नीला छप्पर मिळाले नाही तर ती त्याच जंगलात, त्याच नाल्यात जाते, हे या वादात कुणी मोजत नाही.

दुसरी वाट वनहक्क कायद्याची. २००६ च्या या कायद्याने गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, समाजमंदिर धरून यादी तेरा सोयींची आहे. तिच्यात कचरा नाही. कायदा झाला तेव्हा खेड्याला कचऱ्याची जागा लागेल असे कुणाला वाटले नसावे. सामूहिक वनहक्काचा देशातला पहिला मान मिळवणारे मेंढा लेखा याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथल्या ग्रामसभांना हे कलम तोंडपाठ आहे आणि त्यातली उणीवही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला. वाद राज्याने वनव्यवस्थापनाला अयोग्य ठरवलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टरभोवती फिरत होता. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींना सवलत मिळाली. जिल्हानिहाय एकत्रित प्रस्ताव करून त्या वनांच्या यादीतून वगळता येतील. घरे, शाळा, दफनभूमी यांना हा मोठाच दिलासा आहे. त्यानंतरच्या वाटपासाठी मात्र अटी कडक आहेत, आणि वाटप न झालेले, जंगलाला न लागून असलेले तीन हेक्टरांहून लहान तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करायला सांगितले आहेत. गावाजवळचे असे लहान तुकडेच कचऱ्याच्या शेडसाठी सोयीचे होते. ग्रामपंचायतींवर ही जबाबदारी आली २०१६ मध्ये, त्यामुळे १९९६ पूर्वीच्या वाटपात त्यांची मागणी असणे शक्यच नव्हते. वनहक्क कायद्याच्या यादीत चौदावी सोय जोडणे संसदेच्या हाती आहे, आणि सध्या तरी सर्वांत सरळ रस्ता तोच दिसतो.