गुरूवरील ध्रुवीय प्रकाश

गुरू ग्रहाच्या दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवती अखंड तेवणारा प्रकाश. सूर्यमालेतील ध्रुवीय प्रकाशांत हा सर्वांत प्रखर. पण त्याचा मोठा भाग अतिनील, अवरक्त आणि क्ष-किरणांत असल्याने डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. छायाचित्रांतली निळी-जांभळी झळाळी नंतर भरलेली असते.

पृथ्वीवर असा प्रकाश दिसायला सूर्यावर खळबळ व्हावी लागते. गुरूला सूर्याची तेवढी गरज नाही. सुमारे 9 तास 55 मिनिटांत एक फेरी पूर्ण करणारे त्याचे परिवलन ऊर्जा पुरवते आणि द्रव्य पुरवतो आयो हा उपग्रह. आयोवरील ज्वालामुखी व्हॉयेजर-1 यानाने 1979 मध्ये दाखवले. त्यांतून आलेल्या सल्फर डायऑक्साइडपैकी दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य आयोच्या हातून निसटते. त्यातले सल्फर आणि ऑक्सिजनचे अणू विद्युतभारित झाले, की गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्यांना आपल्याबरोबर फरफटत फिरवू लागते.

हा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, हळूहळू बाहेर सरकतो. फुगडीत हात लांब ताणले की वेग मंदावतो, तसा तोही मागे पडू लागतो. त्याला पुन्हा ग्रहाच्या वेगाला आणताना चुंबकीय रेषांवरून प्रचंड विद्युतप्रवाह वाहतात. याच रेषांवरून वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात कोसळतात, तिथल्या हायड्रोजनवर आदळतात आणि ध्रुवाभोवती प्रकाशाचे कडे उमटते. अवरक्त चमक मात्र तीन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉनांच्या हायड्रोजन आयनाची असते. पृथ्वीबाहेर हा आयन प्रथम सापडला तो इथेच.

हे स्पष्टीकरण देखणे होते. जुनो यानाने त्याला धक्का दिला. 2016 पासून ध्रुवांवरून जाताना त्याला इलेक्ट्रॉनांना एका ठरावीक ऊर्जेने खाली ढकलणारे, 4 लाख व्होल्टपर्यंतचे विद्युतविभव आढळले खरे, पण सर्वांत तेजस्वी प्रकाश त्यांच्यामुळे पडत नव्हता. तिथे इलेक्ट्रॉन एका ठरावीक ऊर्जेचे नसून सर्व ऊर्जांचे, विस्कळीत वेग घेतलेले होते. चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लाटा त्यांना ढकलत असाव्यात, असे आता मानतात. क्ष-किरणांच्या नियमित स्पंदनांमागेही अशाच लाटा असल्याचे 2021 मध्ये दाखवले गेले. फरक इतकाच, की त्या इलेक्ट्रॉनांऐवजी जड आयन खाली आणतात. सौरवाताचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचा, दाब वाढला की प्रकाश भडकतो, म्हणजे सूर्य अगदीच बेदखल नाही.

कड्याबाहेर काही सुटे ठिपकेही दिसतात. ती उपग्रहांची पाउले! आयो सेकंदाला 17 किमी. वेगाने फिरतो, तर प्लाझ्मा 74 किमी. वेगाने त्याला मागून गाठतो. त्या अडथळ्याने उठलेला क्षोभ थेट गुरूच्या वातावरणात उतरतो. युरोपा आणि गॅनिमीड यांचेही ठिपके आहेत. आयोच्या स्थानानुसार गुरूचे रेडिओ स्फोट कमी-जास्त होतात, हे तर 1964 मध्येच, म्हणजे तिथे यान पोहोचण्याआधी लक्षात आले होते.

शनीवर द्रव्य एन्सेलाडस या उपग्रहाच्या बर्फाळ फवाऱ्यांतून येते, मात्र सौरवाताचा वाटा गुरूपेक्षा मोठा. युरेनस आणि नेपच्यून यांचे चुंबकीय अक्ष परिवलन-अक्षांपासून खूप कललेले असल्याने तिथला प्रकाश भौगोलिक ध्रुवांपासून दूर पडतो. नेपच्यूनचा अवरक्त ध्रुवीय प्रकाश तर 2023 मधील जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतच प्रथम हाती लागला: त्याचे वरचे वातावरण 1989 नंतर इतके थंडावले आहे, की ही चमक फारच मंद झाली आहे.